पुदिन्याचं डावं वळण

सिस्टरबाईंचं पुदिन्याचं उत्तम तेल मी खराब ठरवलं. तोंडी नव्हे, सहीनिशी. कारण एवढंच की ते तेल उजेडाला डावीकडं वळवत होतं, आणि डावीकडं वळवणारी वस्तू चांगली असू शकते हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

राहुरी आणि श्रीरामपूरच्या मधल्या पट्ट्यात एका साखर कारखान्यात मी लॅब केमिस्ट होतो. नव्वद साल उलटून तीनचार वर्षं झाली असतील. रसायनशास्त्राची पदवी होती, तीही दुसऱ्या वर्गातली. पण आमच्या भागात साखरेच्या केमिस्टला डॉक्टरच्या खालोखाल मान. लोक विहिरीचं पाणी, जनावराचं दूध, कुठल्या कुठल्या बाटल्या घेऊन यायचे आणि मी सगळ्यांवर मत द्यायचो. एकदा तर एका पाहुण्याची मूळव्याधीची पुडीही तपासली होती. ते जाऊ द्या.

लॅबमध्ये आमचा देव एकच, पोलॅरिमीटर. अंधाऱ्या खोलीत पिवळा दिवा, पुढं लांबट नळी आणि नळीच्या टोकाला डोळा लावायची दुर्बीण. नळीत उसाचा रस भरला की रसातली साखर उजेडाला पीळ घालते. दुर्बिणीत चंद्रासारखा एक गोल दिसतो, अर्धा उजळ, अर्धा काळा. बाहेरची चकती फिरवत दोन्ही अर्धुकं सारखी करायची आणि चकती किती अंश फिरली ते वाचायचं. साखर जितकी जास्त, तितकी चकती उजवीकडं. हंगामात दिवसातून शंभर वेळा मी ती उजवीकडं फिरवली असेल. माझ्या मनगटाला तेवढं एकच वळण ठाऊक होतं.

आणि साखर बिघडली की? ऊस तोडून उन्हात पडून राहिला, रस आंबला, की साखरेचे दोन तुकडे होतात आणि ते दोघं मिळून उजेडाला उलट, डावीकडं ओढायला लागतात. चकतीचं उजवं वळण कमी व्हायला लागलं की आमच्याकडं धावपळ. थोडक्यात, आमच्या धंद्यात उजवीकडं म्हणजे पुण्य, डावीकडं म्हणजे पाप. मी इतकी वर्षं हेच पाठ केलं होतं आणि ते फक्त साखरेपुरतं आहे ही बारीक गोष्ट पाठांतरातून गळली होती.

मे महिना होता. गळीत संपलेलं, यंत्रं उघडून पडलेली, लॅबमध्ये मी आणि पंखा. त्या दुपारी कारखान्यात बॉयलरवर आयुष्य काढून निवृत्त झालेले चाचा एका बाईंना घेऊन आले. पांढरी सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, काखेत वही. ह्या सिस्टर. श्रीरामपूरकडच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी संपवून गावी आलेल्या, त्यामुळं सगळा गाव त्यांना सिस्टरच म्हणायचा. मिस्टर वारलेले. पाटाच्या चारीलगत दीड एकर रान, आणि त्यात त्यांनी ऊस मोडून जपानी पुदिना लावलेला. आमच्या पंचक्रोशीत ऊस मोडणं म्हणजे देवघर मोडण्यासारखं. धाकटे दीर तेव्हापासून त्यांच्याशी मोजून बोलायचे.

तेल काढायची भट्टी चाचांनी उभारली होती. भंगारातली एक टाकी, तिला वरून घट्ट झाकण, झाकणातून निघालेला पाईप वेटोळी घेत पाण्याच्या हौदातून गेलेला. टाकीत पाला, खालून वाफ. वाफ पाल्यातलं तेल उचलून नेते, हौदात थंड होते आणि खाली बाटलीत पाणी आणि पाण्यावर तरंगणारं तेल पडतं. चाचांच्या दृष्टीनं तो एक लहानसा, कह्यात राहणारा बॉयलर होता. सिस्टरच्या दृष्टीनं तो पेशंट होता. बाहेर येणारं तेलपाणी फार गरम असलं तर तेल उडून जातं, म्हणून त्या दर पंधरा मिनिटांनी त्यात ताप मोजायचा थर्मामीटर धरायच्या, पारा झटकून वहीत आकडा लिहायच्या आणि शंभराच्या वर गेला की चाचांना हौदात गार पाणी सोडायला लावायच्या. वहीत तापाच्या तक्त्यासारखी वरखाली रेघ काढलेली होती. मी ती वही पाहून हसलो. आमच्या लॅबचं रजिस्टर इतकं स्वच्छ कधीच नव्हतं हे त्या क्षणी लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं.

पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं तेल घ्यायची तयारी दाखवली होती, पण त्यानं पत्रातून विचारलं होतं की तेल उजेडाला किती वळवतं ते कळवा. चाचांना आमची अंधारी खोली आठवली.

"सायब," ते म्हणाले, "तुमच्या त्या दुर्बिणीत ह्येंचं त्याल घालून बगा. लई निगुतीनं काढलंय."

मी ऐटीत नळी धुतली, तेल भरलं, डोळा लावला आणि सवयीनं चकती उजवीकडं फिरवली. काळा भाग आणखी काळा झाला. आणखी फिरवली. शेवटी डावीकडं फिरवून पाहिली, तर बऱ्याच अंतरावर जाऊन दोन्ही अर्धुकं जुळली. इतकं डावीकडं मी जन्मात गेलो नव्हतो. पत्रात व्यापाऱ्यानं फक्त आकडा विचारला होता. मी आकडा दिला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण मी निदान दिलं. म्हणालो, तुमची कापणी उशिरा झाली, पाला शिळा झाला, तेल उलटलंय. आणि कारखान्याच्या कागदावर 'नमुना बिघडलेला' असं लिहून खाली झोकदार सही ठोकली.

सिस्टरनी बाटलीचं बूच दोनदा दाबून घट्ट केलं आणि कागदाची घडी वहीत ठेवली. चाचा माझ्याकडं असं पाहत राहिले, जसं ते प्रेशर दाखवणाऱ्या बिघडलेल्या घड्याळाकडं पाहत असतील.

दोन दिवसांनी चाचांकडून कळलं की माझा कागद गावभर फिरला होता. दिरांनी तो वाचून घेतला होता. घोडेगावच्या बाजारातून त्यांनी नवीन खोंडं आणली होती आणि त्यांना कुठंतरी जुंपून बघायचंच होतं. सोमवारी सकाळी सिस्टरच्या रानात नांगर घालायचा, उन्हाळाभर रान तापू द्यायचं आणि पावसाळ्यात आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस लावायचा, असं दिरांनी ठरवलं. सातबारा अजून सामाईक होता. पुदिन्याची पहिली कापणी झाली होती. त्याच मुळ्यांवर दुसरी येणार होती. पाटाला आवर्तन सुटलं होतं, बुधवारी सिस्टरच्या चारीला पाणी यायचं होतं. म्हणजे बुधवारी मुळ्या रानात असल्या तर पुदिना जगणार, नसल्या तर ऊस. मधे उभा होता माझा कागद.

मला वाईट वाटलं, पण शहाण्या माणसाला खरं बोलल्यावर वाटतं तसलं वाईट. त्यात थोडा अभिमान मिसळलेला असतो.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी लॅबचं कुलूप काढतोय, तर सिस्टर पायरीवर बसलेल्या. बरोबर चाचा. सिस्टरच्या हातात औषधांचा पत्र्याचा डबा. त्यातून त्यांनी काचेची छोटी बाटली काढली. आत पांढरे, सुईसारखे लांबट स्फटिक. पुदिन्याचं फूल, म्हणजे मेंथॉल. श्रीरामपूरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून त्या ते आणायच्या आणि सर्दीपडशाला गरम पाण्यात टाकून वाफ द्यायच्या. त्या म्हणाल्या, हे त्याच झाडाच्या तेलातून थंडीत खाली बसतं म्हणतात. म्हणजे ह्याच घराण्यातलं. हे आधी तुमच्या यंत्रात घाला.

मी विचारलं, कशाला?

"वॉर्डात एखाद्याचा ताप भलताच दिसला," सिस्टर म्हणाल्या, "तर आम्ही औषध द्यायच्या आधी थर्मामीटर स्वतःच्या तोंडात धरून बघायचो. तुम्ही माझ्या तेलाला ताप आहे म्हणता. निरोगी तेलाचा पारा कुठं असतो, ते बघितलंत का?"

बघितलं नव्हतं. पण तसं म्हणायच्या ऐवजी मी 'हं' म्हटलं. 'हं' हा शब्द केमिस्ट लोकांना फार उपयोगी पडतो.

फुलं स्पिरिटमध्ये विरघळवायची होती. सिस्टर म्हणाल्या, आधी नुसतं स्पिरिट. नुसत्या स्पिरिटला चकती शून्यावरून हलली नाही. मग फुलं घातलेलं स्पिरिट. चकती डावीकडं. मी नळी काढून पुसली, पुन्हा भरली. डावीकडं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम व्हायला लागल्या. पण हार मानेल तो साखरवाला कसला. म्हणालो, फुलंही जुनी असतील, तीही बिघडली असतील.

चाचा बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. मला वाटतं, हसायला.

सिस्टर रागावल्या नाहीत. तीसपस्तीस वर्षं त्यांनी माझ्याहून तरुण आणि माझ्याहून हट्टी डॉक्टर सांभाळले होते. शांतपणे म्हणाल्या, ठीक आहे, मग माझं तेल तुम्ही मुद्दाम बिघडवा. आंबट करून बघा. तुमची साखर आंबली की डावीकडं जाते ना, मग हे डावीकडचं आणखी डावीकडं जातं का बघू.

ही कल्पना मला सुचायला हवी होती. पगार मला होता.

त्यांच्याच सांगण्यावरून तेल स्पिरिटमध्ये सारखं मिसळून दोन बाटल्यांत भरलं. एका बाटलीत थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड, दुसरीत तेवढंच साधं पाणी. दोन्हींची चकती आधी टिपून घेतली, सारखीच डावीकडं, मग दोन्ही एकाच पातेल्यातल्या गरम पाण्यात. मी म्हणालो होतो की एकच बाटली पुरे, तर त्या म्हणाल्या, नुसतं गरम केल्यानं काय होतं आणि आंबटानं काय होतं, हे मग वेगळं कसं कळणार? आणि वही उघडून दोन रकाने आखले. मी पदवीधर माणूस बर्नरची ज्योत कमीजास्त करत राहिलो.

दुपारपर्यंत लॅब, व्हरांडा, माझा डबा, सगळं पुदिन्यानं भरून गेलं. चार वाजता बाटल्या थंड करून नळीत घातल्या. साध्या पाण्याच्या बाटलीत चकती सकाळी होती तिथंच, डावीकडं. मग ॲसिडची. डोळा लावला, चकती सकाळच्या खुणेवर ठेवली, आणि दोन अर्धुकं जुळेनात. कुठल्या बाजूला फिरवावी? सवयीनं नाही, ह्या वेळी भीतभीत फिरवली. जुळली ती उजवीकडं येऊन. फार नाही, तीनचार खुणा. पण नक्की उजवीकडं.

म्हणजे हे तेल बिघडलं की उजवीकडं जातं. साखरेच्या बरोबर उलट. माझी चूक अर्धीमुर्धी नव्हती. तिला दुसरी बाजूच शिल्लक नव्हती.

सिस्टरनीही डोळा लावून पाहिलं. मग दोन्ही बाटल्यांचा वास घेतला, एकदा ही, एकदा ती. म्हणाल्या, नाकाला फरक पुरता सांगता येत नाही, पण उजेडाला कळतंय. आणि वहीत लिहायला लागल्या. मी त्या अंधाऱ्या खोलीत पिवळ्या दिव्यापुढं बसून राहिलो. लाज वाटत होती, पण तिच्या मागून दुसरंच काहीतरी येत होतं. पदवीच्या वर्षात मी ज्या शास्त्राला घोकून घोकून मारलं होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर उठून बसलं.

गावभर फिरून सिस्टरच्या वहीत परत आलेला कागद मी तिथंच फाडला. नवीन लिहिला: तेल डावीकडं वळवतं, ते तसंच असायला हवं, आधीचा अभिप्राय चुकीचा. रविवारी सिस्टर चर्चला जायच्या म्हणून कागद घेऊन मी स्वतः सायकलवर दिरांकडं गेलो. त्यांनी तो वाचला, खोंडांकडं पाहिलं आणि विचारलं की उद्या आणखी तिसरा कागद येणार नाही ना. सोमवारी खोंडं दुसऱ्याच्या रानात जुंपली गेली. बुधवारी पुदिन्याला पाणी आलं.

नेमकं काय घडलं होतं ते मला पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका धुळीनं भरलेल्या पुस्तकात सापडलं. त्या तेलात फुलांखेरीज त्याच कुळातला आणखी एक पदार्थ असतो, मेंथोन. सहा कार्बनांनी हात धरून केलेलं एक कडं. त्यातल्या एका कार्बनावर ऑक्सिजन, ते दार समजा. दाराला लागून बसलेल्या कार्बनाच्या अंगावर तीन कार्बनांची एक फांदी, आणि दारापासून लांबच्या एकावर एक लहानसं डहाळं. ॲसिड आलं की दाराशेजारचा गडी त्याच्या हातातला हायड्रोजन सोडतो, क्षणभर सपाट होतो आणि पुन्हा हायड्रोजन घेऊन बसतो. पण बसताना कधी पहिल्यासारखा, तर कधी तोंड फिरवून. फांदी मग दुसऱ्या बाजूला जाते. लांबचं डहाळं जागचं हलत नाही, त्याला दाराचा वारा लागत नाही. वस्तू तीच, वजन तेच, वासही जवळपास तोच. पण तोंड फिरवून बसलेला भाऊ उजेडाला इतक्या जोरानं उजवीकडं ओढतो की थोडेजण फिरले तरी चकतीला कळतं. पुदिन्याच्या फुलात ते दार बंद झालेलं असतं, म्हणून आंबटानं त्याचं काही बिघडलं नाही.

मी ते पान तिथं उभ्याउभ्या चार वेळा वाचलं. फिरलेली एक फांदी, तिचा पत्ता सांगणारा उजेड, आणि तो पकडणारी आमची जुनी दुर्बीण, जिला मी साखर मोजायचं घमेलं समजत होतो.

त्याच पुस्तकात पुढं आणखी एक गोष्ट होती. पान कोवळं असतं तेव्हा त्यात मेंथोन जास्त. पान जून होत जातं तसं झाड स्वतःच त्या दारात दोन हायड्रोजन बसवून त्याचं फूल करत जातं. हे वाचलं आणि मला आठवलं की कापणीच्या आधी चाचा घाई करत होते, तर सिस्टरनी आठ दिवस थांबवलं होतं. चाचांनीच ते तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं. म्हणून तर मला 'कापणी उशिरा झाली' हे निदान सुचलं! मी सायकल तशीच त्यांच्या रानाकडं वळवली आणि विचारलं, तुम्ही का थांबलात? त्या वाफ्यात वाकून तण काढत होत्या. एक पान तोडून बोटांत चुरडलं आणि माझ्या नाकाशी धरलं.

"ह्यात अजून हिरवट, कडवट धार आहे बघा. ती जाऊन नुसता गारवा राहिला की कापायचं," त्या म्हणाल्या. "झाड तयार झालं की वास शांत होतो."

पुस्तकानं ज्यासाठी दोन पानं घेतली, ते त्यांनी पान चुरडून सांगितलं. मी पुस्तकातलं सगळं त्यांना सांगितलं, दार, फांदी, तोंड फिरवून बसणारा गडी. त्यांनी तण काढता काढता ऐकलं, मधे दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरं मला आली नाहीत, आणि मी पुन्हा लायब्ररीत गेलो. त्या उन्हाळ्यात मी त्यांच्या प्रश्नांपायी जेवढं वाचलं तेवढं तीन वर्षांच्या कॉलेजात वाचलं नव्हतं.

नळीच्या रबरी चकत्यांत मात्र पुदिना असा मुरला की नोव्हेंबरात गळीत सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस आमच्या उसाच्या रसाला सर्दीच्या मलमाचा वास यायचा. आमचे चीफ केमिस्ट रोज लॅबभर हुंगत फिरायचे. मी त्यांना काही सांगितलं नाही. 'हं' म्हणालो.

पण ते पुढचं. त्याआधी ऑगस्टमध्ये दुसऱ्या कापणीच्या वेळी पुण्याचा व्यापारी स्वतः आला. मी मुद्दाम रजा टाकून हजर होतो, दोन्ही कापण्यांचे आकडे सुबक अक्षरांत लिहून. भट्टीतून तेल ठिबकत होतं, सिस्टरच्या हातात थर्मामीटर होता, चाचा वाफेवर. व्यापाऱ्यानं कागदाची पट्टी तेलात बुडवली, वास घेतला, थोडा वेळ थांबून पुन्हा घेतला आणि मान हलवली. पहिल्या कापणीचा कॅन उघडला, तिथंही तसंच. म्हणाला, दोन्ही नेतो, आणि तिसरी कापणीही माझ्यासाठीच ठेवा. मग विचारलं की हे कुठं तपासून घेतलंय का?

मी कागद पुढं करून घसा साफ केला. पण चाचा आधी बोलले. त्यांनी वाफेचा कॉक अर्धा फिरवला आणि माझ्याकडं बोट केलं.

"ह्या सायबांनी तपासलंय," ते म्हणाले. "तरीबी चांगलं हाय."